नाकाखालून गेलेलं दूध

मेव्हण्याने ढेरीवर बोट ठेवलं आणि बाईंच्या नवऱ्याने जिममध्ये नाव घातलं. व्यायाम चिमूटभर, दुखणं पोतंभर. संध्याकाळी हा गडी पलंगावर पालथा पडायचा आणि औषधाचं दुकान घरात यायचं: पिवळा बाम, झोंबणारा स्प्रे, चिकटपट्ट्या, वर गोळी. यातलं एकच काहीतरी वापरा, असं दुकानदाराने बजावलं होतं. हा मात्र फुकटात मिळाल्यासारखा एकावर एक थापत सुटायचा. चादर तेलकट, उशी तेलकट, दाराच्या कडीवर पिवळे ठसे. उपटलेल्या पट्ट्या तर केसांसकट बाथरूमच्या भिंतीला. बाईंना बघूनच शिसारी यायची, आणि पाठही त्यांनीच चोळायची.

बाई डेअरीत दूध तपासायच्या. कॅनचं झाकण काढायचं, नाकाशी धरायचं आणि दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं. यंत्रं नंतर, तीही टाकीत एकत्र झालेल्या दुधाला; पहिला शब्द बाईंच्या नाकाचा. त्यांना आता मुख्य तपासनीस करायचं साहेबांच्या मनात होतं. कामावर जाताना त्या साधी पावडरही लावत नसत. निदान सकाळी तरी मला हात लावायला सांगू नका, असं नवऱ्याला कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्या सकाळी बाई निघाल्या, तर त्याने कण्हत पाठ पुढे केली. बाईंनी भराभर चोळली, हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. डेअरीत पहिलं झाकण नाकाशी नेलं, तर आली ती नवऱ्याची पाठच. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आज माझं नाक चालत नाही, हे साहेबांना सांगायचं कसं, आणि का चालत नाही, ते तर त्याहून कसं सांगायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. बाई प्रत्येक झाकणाला मान डोलावत राहिल्या.

त्यातला एक कॅन आंबलेला होता. दुपारी अख्ख्या टाकीत गाठी झाल्या. सगळं गटारात सोडल्यावर साहेब आवाज न चढवता म्हणाले, "उद्यापासून तुम्ही कॅन धुवायला." टाकी मात्र बाईंनी आजच घासली, आंबट चोथा बोटांनी खरवडून.

घरी आल्या तेव्हा खांदे वर होत नव्हते. नवरा सगळं ऐकून हळहळला, अगदी मनापासून. मग त्याने प्रेमाने डबी उघडली आणि बामचा गोळा तळहातावर घेतला.

"पाठ कर इकडे. आज मी चोळतो."

बाई भिंतीपर्यंत मागे सरकल्या.

"दुखू दे," त्या म्हणाल्या. "दुखण्याला वास तरी नसतो."