शपथ पाळली त्यालाच बांधलं

मित्रांनो, मी एक जुनी, गंजकी साखळी आहे. तुम्हाला मित्रांनो म्हणते ते रीत म्हणून. माणसांवर माझा काडीचा विश्वास नाही.

चिमूरच्या बाजारात एका लोहाराने मला घडवलं. जवळच्या गावातल्या इस्तारी नावाच्या शेतकऱ्याने मला त्याच्या मारक्या बैलासाठी घेतलं. बारा वर्षं त्या बैलाच्या लाथा खाल्ल्या. तेव्हा सगळे म्हणायचे, साखळी असावी तर अशी. बैल मेला आणि मी गोठ्यात पडून राहिले. त्याचं काही नाही. माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

चौऱ्याऐंशी साली गावाने दारूबंदी ठरवली. मोहाची दारू पिणाऱ्याने देवीच्या ठाण्यावर नारळ उचलून शपथ घ्यायची. शपथ मोडली तर देवी धरते, असं सगळे मानत. तलावात जाळं टाकणारा लटारू पंधरा वर्षं सकाळ-संध्याकाळ पीत होता. त्यानेही नारळ उचलला.

तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले. घाम फुटला. भिंतीवर मुंग्याच मुंग्या, म्हणत तो पळत सुटला.

"लपून पेला असन. देवीनं धरलं त्याले," इस्तारी म्हणाला.

"नाई भाऊ, थेंब नाई घेतला त्यायनं," लटारूची बायको सुकरी सांगत होती. पण ऐकतो कोण? याड लागलं, याड लागलं म्हणत चौघांनी मला गोठ्यातून आणून त्याला माझ्याने खांबाला बांधलं. कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून इस्तारी पुजाऱ्याला आणायला शेजारच्या गावी गेला. मेल्यांनो, बैल निदान लाथ तरी मारायचा; हा नुसता पाणी मागत होता.

दुपारी नर्स ताराबाई लस टोचायला गावात आल्या. लटारूला बघून भडकल्याच.

"हे याड नाई. दारूचं व्यसन म्हणजे बिमारी असते. ती एकदम तोडली का अंग थरथरते, नसलेलं दिसते. त्याले भ्रम म्हणतात. झटके आले तर मरून जाईन हा. आत्ताच दवाखान्यात न्या."

"म्हणजे यायनं शपथ पाळली?" सुकरीने विचारलं.

"पाळली म्हणूनच हे हाल. इतक्या वर्षांची दारू डॉक्टरच्या औषधानं सोडा लागते."

बाप्ये म्हणाले, पुजारी येऊ दे. सुकरीने कुऱ्हाड आणली आणि तिसऱ्या घावाला माझी कडी तोडली. मला बरं वाटलं. दोघींनी त्याला बैलबंडीत घालून दवाखान्यात नेलं.

महिन्याभराने लटारू धडधाकट होऊन आला. तरी गाव त्याला याडाच म्हणतं.

"मी याडाच व्हतो ना वं?" एकदा त्याने सुकरीला विचारलं.

"नाई. बिमार व्हते तुमी."

मित्रांनो, वेड, व्यसन आणि भ्रम यांतला फरक शिकून घ्या. कोणाला बांधण्याआधी दवाखाना गाठा. इस्तारी काही शिकला नाही. त्याने मला तारेने जोडून पुन्हा खुंटीला टांगलं आहे. गावात लागते, म्हणतो. ती जोड कच्ची आहे, हे मी त्याला सांगणार नाही.