मोफत वकील, फक्त आजच

मित्रांनो, कानांवरचे हात काढा. मी एक जुना भोंगा आहे, आणि आज मला गप्प बसवत नाहीये.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. माझ्याबरोबरचे पत्रे निमूटपणे बादल्या झाले, मला मात्र हे एवढं मोठं तोंड मिळालं. मग मी रिक्षाच्या टपावर चढलो. माईकवर माझा मालक, तोंडपाटील. हे त्याचं आडनाव नाही, धंदा आहे. गाद्या, चपला, खुर्च्या, काय वाट्टेल ते त्याने माझ्या तोंडून खपवलं. पंखा घ्यायला आलेला माणूस त्याचं ऐकून घोंगडी घेऊन जायचा. लोक म्हणायचे, "काय खणखणीत भोंगा आहे!" मी फुगायचो. पुढे बाजारात नवे चपटे स्पीकर आले आणि माझ्या तोंडात चिमण्यांनी संसार थाटला.

एके दिवशी मदत केंद्रातल्या ताई आल्या. म्हणाल्या, "गुन्ह्यात ज्याला त्रास झाला, त्याला हक्क असतात हो. तक्रारीची प्रत फुकट मिळते. वकील फुकट मिळतो. पोलिसांकडे एकट्याने जायची भीती वाटत असेल, तर आम्ही सोबत जातो. पण कुणाला पत्ताच नाही. पत्रकं वाटली, तर लोकांनी त्या कागदांनी पोरांची नाकं पुसली. तुम्ही सांगाल?"

"झोपेतसुद्धा सांगीन," तोंडपाटील म्हणाला. घोळ इथेच झाला.

शिंप्यांच्या गल्लीत एक मावशी होत्या. भरदिवसा एकाने त्यांच्या दुकानात घुसून गल्ला उचलला, अडवायला गेल्या तर हात पिरगाळून मोडला. तो कोण, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. रोज मावशींच्या दारावरून शीळ घालत जायचा. मावशी मान खाली घालून बसायच्या. त्यांचा दीर बजावायचा, "वहिनी, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. वकिलाला काय शिलाई मशीन देणार?"

आमची रिक्षा गल्लीत शिरली. तोंडपाटलाने सुरुवात झकास केली. "चोरी झाली, मारहाण झाली, तर घाबरू नका, मदत आहे..." आणि मग त्याच्या जिभेने सवयीची वाट धरली. "मोफत वकील, मोफत वकील, मोफत वकील. फक्त आजच. स्टॉक संपेपर्यंत. एकावर एक फ्री."

शेजारी बसलेल्या ताईंनी कपाळावर हात मारला. पण मी पडलो भोंगा. आत आलं ते बाहेर गेलंच.

गल्ली खो खो हसत सुटली. तेवढ्यात मावशी धावत आल्या. गळ्यात मोजपट्टी, हाताला प्लास्टर, एकाच पायात चप्पल.

"थांबा हो. संपले का वकील?"

आता कुणी हसलं नाही. ताई खाली उतरल्या. "संपत नाहीत, मावशी. चूक झाली आमची. उद्याही असतात, परवाही."

"उद्या नको. उद्या मला परत भीती वाटेल. आत्ता चला."

दीर आडवा आला. "वहिनी, अहो, शहाण्याने..."

"भावजी, मी कुठे शहाणी? सरका बाजूला."

मग काय सांगू, मित्रांनो. चौकीवर मावशी सगळं बोलल्या. ताईंचा हात त्यांच्या पाठीवर होता. साहेबांनी तक्रार वाचून दाखवली, प्रत हातात दिली. मी बाहेर टपावर होतो, पण माझा पत्रा नुसता थरथरत होता.

परतलो तर दीर गल्लीच्या तोंडाशीच उभा. तो मावशींशी नाही, ताईंशी बोलला, तेही जमिनीकडे बघत. "मागे माझे दात पडले ना, ते जिन्यावरून पडून नाही. त्या गॅरेजवाल्यानेच मारलं होतं. मी कुणाला बोललो नाही. आता उशीर झाला का?"

ताई म्हणाल्या, "विचारू की. विचारायला पैसे पडत नाहीत."

मावशी रिक्षात आतल्या अंगाला सरकल्या. "बसा, भावजी. मी येते सोबत."

तोंडपाटलाने रिक्षा वळवली. माईक बंद केला आणि परत चौकीची वाट धरली.

मित्रांनो, मला पुसलं नाही तर मी गंजतो. माणूसही दुखणं गिळून बसला की आतून गंजतो. म्हणून कुणावर असा प्रसंग आला, तर "तू तिथे कशाला गेलीस?" असं विचारू नका. चप्पल घाला आणि सोबत निघा.