टिचबटणं

त्या आठवड्यात आमच्या चित्रपटाबद्दल जे छापून आलं त्यातलं बरंचसं खोटं होतं, आणि उरलेलं अजून खरं व्हायचं होतं. दिग्दर्शकाला डच्चू. नायिकेची उडी कॉम्प्युटरवर. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत: उडत्या नायिकेला केपच नाही.

केपवरून भांडण खरोखरच होतं. दिग्दर्शकाला ती टाचेपर्यंत लांब हवी होती. निर्मात्या बाई तिला झूल म्हणायच्या. "बाई उडवायची आहे की बैल सजवायचाय?" असं त्या भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, तेव्हा सगळे हसले. मी चहाच्या कपात बघत बसलो. कथा माझी, म्हणून मला बोलावत. विचारत काही नसत, आणि मला ते बरंच वाटे. कथेत माझं एक वाक्य होतं: 'तिची केप तिच्या खांद्यावरून कधीच उतरत नाही.' ते का लिहिलं हे मला आजही धड सांगता येणार नाही. परिच्छेद कुठेतरी संपवायचा होता, एवढंच असावं. दिग्दर्शक मात्र ते जपाला बसल्यासारखा म्हणायचा.

अफवा थांबेनात तेव्हा निर्मात्या बाईंनीच पलटी खाल्ली. "बोलवा सगळ्या पत्रकारांना. केप दाखवा, उडी दाखवा, एकदाची तोंडं बंद करा."

उडी नटी मारणार नव्हती. माझी भाची मारणार होती. बहीण गेल्यानंतर तिला मीच वाढवलं. दिसेल त्या भिंतीवर चढायची म्हणून घरात तिला खार म्हणायचे, आणि पुढे तिने चढण्या-पडण्याचाच धंदा केला. मुखवटा घातला की ती आणि नटी वेगळ्या ओळखू येत नसत. उडी मारून ती मेकअपच्या गाडीमागे जाणार, आणि तसाच पोशाख घातलेली नटी हात हलवत पुढे येणार, असं ठरलं होतं.

जागा एका बंद कारखान्याची होती. उंच इमारत, गच्चीच्या कठड्याबाहेर लोखंडी दांडा, दांड्याला कप्पी. कप्पीतून निघालेली तार खारीच्या पाठीवरच्या पट्ट्याला. केपही पाठीवरच. वाऱ्याने ती उलटून तारेभोवती गुंडाळली आणि कप्पीत ओढली गेली, तर सगळा हिसका गळ्याला बसणार. म्हणून तालमीत उड्या बसवणारे फाइटमास्तर केप खांद्यांवर टिचबटणांनी लावत. जरा ओढ बसली की बटणं सुटत आणि केप निघून जाई. एका तालमीत तशी ती गेलीही होती. खार हसत खाली आली होती.

उडीच्या दिवशी मी कपडेपटात गेलो तो माझा चष्मा पुसायला चिंधी मागायला. तिथल्या बाई दातांनी दोरा तोडत होत्या. मांडीवर केप होती.

"काय शिवताय?" मी विचारलं.

"खांदे. वरून बटणं दिसतायत तशीच ठेवली, आतून टाके घातलेत. पत्रकारांसमोर केप सुटली तर उद्या तीच बातमी, म्हणाले डायरेक्टरसाहेब. दुहेरी दोरा आहे काका, आता बैल जुंपलात तरी सुटायची नाही."

"फाइटमास्तरांना माहीत आहे?"

"ते सकाळीच बटणं बघून वर गेले. मला काय, सांगितलं ते केलं."

फाइटमास्तर गच्चीवर, आणि गच्चीच्या जिन्यावर बसवलेला माणूस खारीशिवाय कुणालाच वर सोडत नव्हता. बातम्या फुटतात म्हणून सगळ्यांचे फोन फाटकावरच काढून घेतलेले. मी दिग्दर्शकाकडे गेलो. तो पत्रकारांच्या खुर्च्या सरळ करत होता. मी "ते टाके..." एवढंच म्हणालो.

"काका, तुमचंच वाक्य आहे," तो म्हणाला. "मी त्याच्यासाठी महिनोन् महिने भांडलोय. आज पडू देणार नाही."

मला उत्तरं नेहमी घरी गेल्यावर सुचतात. मी खारीला शोधायला निघालो.

खार मेकअपच्या गाडीत मनगटाला चिकटपट्टी गुंडाळत होती.

"माहितेय मला," मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "हात लावल्याबरोबर कळलं."

"मग सांग त्यांना."

"काय सांगू? उद्या पेपरात येईल, उडी मारणारी नटी नाहीच, दुसरीच आहे, आणि तिनेही कच खाल्ली. परत कोण बोलावेल मला?" तिने पट्टी दातांनी तोडली. "वारा पडलाय मामा. होईल. तू काही बोलायचं नाहीस. शपथ आहे."

"तू घाबरली नाहीस?"

"तू आहेस ना तेवढ्यासाठी."

ती गेली. जिन्यावरच्या माणसाने तिला वर सोडलं आणि साखळी लावली. मी बाहेर आलो तर वारा पडलेला नव्हता. कारखान्याच्या आवारातला कागद उठत होता, बसत होता.

पत्रकार आले, कॅमेरे लागले. वर कठड्यावर ती उभी राहिली, बोटाएवढी. केप बाजूला फडफडत होती. एकदा वर उचलली गेली आणि तारेला चाटून खाली आली. खालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उडीच्या आधी मी कथेतला तो उतारा माइकवर वाचायचा होता. माइकची मला आयुष्यभर भीती. निर्मात्या बाईंनी मला कोपराला धरून उभं केलं. "मोठ्याने वाचा हं, पुटपुटू नका."

मी वाचायला लागलो. माझा आवाज भोंग्यांतून इमारतीवर आपटून परत येत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. शेवटचं वाक्य आलं. केप पुन्हा उचलली गेली. खारीने मला शपथ घातली होती ती न बोलण्याची. न वाचण्याची नव्हे, असा काहीतरी पोरकट विचार माझ्या मनात आला, आणि मी कागदावर नसलेलं वाचलं.

"'तिची केप तिच्या खांद्यावरून कधीच उतरली नव्हती. त्या दिवशी मात्र कठड्यावर उभी राहून तिने ती उतरवली. सगळं शहर बघत होतं. तिने केप वाऱ्यावर सोडून दिली, आणि मग उडी मारली.'"

दिग्दर्शकाची मान माझ्याकडे वळली. मी कागदाकडेच बघत राहिलो. त्यावरची अक्षरं मला दिसत नव्हती. पुढच्या रांगेतली एक पत्रकार घाईघाईने लिहून घेत होती. "परत सांगाल का?" तिने विचारलं. मी परत सांगितलं. भोंगे माझ्यापेक्षा धीटपणे बोलले.

वर काही हललं नाही. तिला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल आणि ती रागाने तशीच उडी मारेल, असं मला वाटलं. मग फाइटमास्तर तिच्या मागे आले. त्यांनी तिच्या खांद्याला हात घातला, ओढलं. पुन्हा ओढलं. मग वाकून खाली आमच्याकडे बघितलं. त्यांनी खिशातून सुरी काढली.

केप एकटीच खाली आली, सावकाश, आणि पत्रकारांच्या गाडीच्या टपावर पडली. तिच्यामागून खार आली. तार सुळकन कप्पीतून गेली, आणि तिचे पाय जमिनीला लागले.

टाळ्या चालू असताना दिग्दर्शक माझ्या कानाशी आला. पांढराफटक पडला होता. "आता हे बदलता येणार नाही," तो म्हणाला. "सगळ्यांनी लिहून घेतलंय. शूटिंगलाही असंच करावं लागेल." पलीकडे निर्मात्या बाई एका पत्रकाराला सांगत होत्या की केप टाकून देण्याची कल्पना पहिल्यापासून त्यांचीच.

केप तारेत अडकलीच असती का, हे मला माहीत नाही. कदाचित नसती. कदाचित मी एका माणसाच्या मेहनतीचं मातेरं केलं ते नुसत्या माझ्या घाबरटपणापायी.

मेकअपच्या गाडीमागे खार जमिनीवर बसली होती. मुखवटा अजून तोंडावरच. तिने मला पाण्याची बाटली दिली.

"पी. उडी मी मारली का तू?"

माझ्या हातांनी झाकण उघडेना. तिने बाटली परत घेतली. तिलाही उघडेना.