सहा बोंडं

"मळकं हत्यार कोणाच्या हातात देऊ नये, नॅडिन. धुतो, मग ने," एल्डन म्हणाला आणि त्याने रिव्हॉल्वर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

नॅडिन हत्यार न्यायलाच आली होती. त्या शनिवारी दुपारीच नेमबाजीच्या क्लबाच्या मैदानात तिचा बाप भरलेलं रिव्हॉल्वर घेऊन मागे वळला होता आणि "आता कोणाची पाळी रे?" असं विचारत उभा राहिला होता. जन्मभराचे सोबती जीव वाचवायला पटापट गवतात आडवे झाले. त्यांनीच मग तिला बोलावून सांगितलं, पोरी, म्हाताऱ्याला काही आठवत नाही आताशा. हत्यार घेऊन जा.

"काळ्या बारुदीची राख त्याच दिवशी धुवायची. सकाळपर्यंत लोखंड खाते ती."

"ठाऊक आहे हो बाबा. लहानपणापासून हेच ऐकतेय."

"मग पाणी सोड. चांगलं कढत."

त्याने पाचर ठोकून काढली, नळी सुटी केली, गोळ्यांची चक्री ओढून घेतली. मग चक्रीच्या पाठची सहा चिमुकली पोलादी बोंडं पान्याने फिरवून काढून बायकोच्या जुन्या गाळणीत टाकली, मोरीत वाहून जाऊ नयेत म्हणून. खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला.

"आई असती तर दोघांनाही घराबाहेर काढलं असतं," नॅडिन म्हणाली.

"काढलंच असतं! ही गाळणी पळवली तेव्हा केवढा अबोला धरला होता बाईने!"

साबण, ब्रश, मग ओव्हनच्या मंद आचेवर वाळवणं, मग चरबीचा हात. गावभरच्या विहिरींचे पंप वर काढून दुरुस्त करणारे ते हात कुठेच अडले नाहीत. नॅडिनच्या मनात वेडी आशा जागी झाली.

"किती छान जमतंय, बाबा."

"हे जमतं गं. पाळी कोणाची, ते कळत नाही."

त्याने बाकी सगळं जोडलं आणि गाळणी तेवढी तिच्यापुढे सरकवली. "ही बोंडं तू ने. यांच्यावाचून ठिणगीची टोपी बसत नाही, बार उडत नाही. उरलं ते नुसतं लोखंड. तेवढं राहू दे माझ्याजवळ, धुवायला. नाहीतर शनिवारी करू काय मी?"

तिने बोंडं रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. गाडीत बसल्यावर तिला रडू आवरेना.

पुढच्या शनिवारी ती मक्याचा पाव घेऊन आली, तर घरात साबणाचा वास. न उडवलेलं रिव्हॉल्वर सुटं होऊन टॉवेलवर पडलेलं, आणि बाप टॉर्च घेऊन टेबलाखाली गुडघ्यांवर.

"काय शोधताय, बाबा?"

"बोंडं गं! सहाच्या सहा गेली. उभ्या आयुष्यात एक हरवलं नव्हतं. एवढा कसा वेंधळा झालो मी?" त्याने टॉर्च पुन्हा फिरवला. "क्लबात बोलू नकोस हं कोणाकडे. माझं हत्यार काढून घेतील."

नॅडिनने आत बोंडं असलेली पर्स न उघडताच खांद्यावरून काढून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली आणि तीही गुडघे टेकून खाली बसली.

"सरका जरा, बाबा. कपाटाखाली मी बघते."