न टेकलेले गुडघे

आत्याशी मी दोन वर्षं बोलले नव्हते, आणि कारण एवढंच की मी तिला उभ्याने नमस्कार केला.

आमच्याकडे हेडमास्तरीणसुद्धा वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकते, आणि मी तर साधी शिवणकाम करणारी. पण चुलतभावाच्या लग्नात माझे गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते. आत्याने भरमांडवात विचारलं, "काय गं नाबोसा, शहरात जाऊन फार उंच झालीस का?" सगळे हसले. मला आमवात झालाय, एवढं म्हणाले असते तर भागलं असतं. पण आईमागे मला जिने वाढवलं तिनेच असं बोलावं? रागाने मी जेवणाआधीच शहरात, मसाकाला परतले. खोड माझीच.

मग मयत असो की बारसं, गावी गेलेच नाही. गेलं की गुडघे टेकावे लागणार. संध्याकाळी एकटीपुरती कच्ची केळी उकडायची, रेडिओ लावायचा आणि वाकड्या होत चाललेल्या बोटांकडे बघत बसायचं. घर खायला उठायचं.

गेल्या महिन्यात जिना चढताना छाती आवळल्यासारखी झाली. दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "हा आजार सांध्यांवर थांबत नाही, हृदयालाही धरतो. त्यात मनाचा ताण म्हणजे आगीत तेल. घरी कोण असतं?"

"रेडिओ."

ती हसली नाही. "पुढच्या तपासणीला कुणाला तरी सोबत आणा. आणि काही झालं तर कुणाला कळवायचं, ते इथे लिहा."

पेन हातात धरून मी बराच वेळ बसले. एकच नाव सुचत होतं, आणि ते लिहायची छाती होईना. कागद कोराच पिशवीत टाकला आणि शनिवारी गाव गाठलं.

आत्या अंगणात चटईवर शेंगा सोलत होती. मान वर केली नाही. मी दात आवळून गुडघे टेकले. कळ मस्तकात गेली. मग तिने सावकाश, रीतीप्रमाणे सगळी विचारपूस केली. तब्येत कशी, काम कसं, शेजारपाजार कसा. मीही रीतीप्रमाणे "बरं आहे, बरं आहे" म्हणत गेले. खूश होऊन ती चहा आणायला आत गेली.

परत आली तरी मी तशीच.

"ऊठ की गं बये! दोन वर्षांचा मान आजच देतेस का?"

"आत्या, उठता येत नाही गं."

तिने कप खाली ठेवला. माझे हात उलटसुलट करून पाहिले, बोटांवरून अंगठा फिरवला. आता शेजाऱ्यांना हाक मारेल असं वाटलं. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई कण्हत कण्हत माझ्या शेजारी खाली बसली.

"झालं, आता मलाही उठता यायचं नाही," ती म्हणाली. "कुणी येईपर्यंत सांग. कुठं कुठं दुखतं?"

मी बोटांपासून सुरुवात केली. छातीपाशी आले तोवर ऊन उतरलं होतं, आणि आत्याच्या दारातही कुणी फिरकलं नव्हतं.