पिवळ्या बाटलीचं पाणी

महादेव सर हल्ली दिवसभर ओसरीवरच्या खाटेवर पडून असतात आणि आल्यागेल्याला तीनच प्रश्न विचारतात.

"आर्वीची गाडी गेली का?"

"तानबा वावरातून आला का?"

"पिवळ्या बाटलीले पाणी देल्लं का?"

पुलगावहून आर्वीला जाणारी ती छोटी गाडी बंद पडून जमाना झाला. तानबा म्हणजे सरांचा थोरला भाऊ, तोही जाऊन कैक वर्षं झाली. आणि पिवळी बाटली कसली, ते तर घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तिन्ही प्रश्नांना घरात एकच उत्तर ठरलेलं होतं. हाव. गाडी गेली, तानबा आला, पाणी देल्लं. डॉक्टरांनीच बजावलं होतं की वाद घालू नका, त्यांना त्रास होतो. हाव म्हटलं की सर शांत व्हायचे आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचे. घटकाभराने पुन्हा तेच.

मी समोरच्या घरातली. सरांच्याच हाताखाली शिकले आणि रसायनशास्त्रात दोनदा गटांगळी खाल्ली, त्यामुळे सरांचा माझ्यावर विशेष लोभ. फार कडक माणूस. प्रयोगशाळेत कुणी धावलं की म्हणायचे, "घाई असन त घरी जा, इथं घाईचं काम नाई." खालच्या कोपऱ्यातल्या कपाटाजवळ तर आम्हाला फिरकूही द्यायचे नाहीत. तिथे काय आहे विचारलं, तर उत्तरादाखल नुसते डोळे वटारायचे. एवढ्या भीतीवर मी त्या विषयात पास होणार तरी कशी?

दर खंडेनवमीला शाळेत पूजा असायची. त्याच्या आधी सर एकटेच प्रयोगशाळेत जायचे, आतून कडी लावायचे आणि बऱ्याच वेळाने बाहेर यायचे. त्यांची बोटं पिवळी झालेली असायची. जयवंताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, लिंबू चोळचोळून थकायच्या, पण आठवडाभर तो रंग उतरायचा नाही. पूजेची हळद असेल असंच सगळे समजायचे. हळद इतकी टिकते का, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. निवृत्त झाल्यावरही सर त्या एका दिवशी शाळेत जात राहिले. पुढे त्यांना रस्ता सापडेना, तेव्हा ते जाणं बंद झालं. मग घरी हा प्रश्न सुरू झाला.

सरांचा मुलगा सचिन त्याच शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागला होता. पोरगा बी.ए. झालेला, विज्ञानाशी त्याचं सोयरसुतक नव्हतं, पण कामाला चोख आणि हौशी. गणपतीची आरास असो की कुणाच्या घरचं लग्न, सचिन मांडवात आधी. बापावर जीव टाकायचा. सकाळी त्यांची दाढी करून द्यायचा, तेव्हाही सर आरशात बघत विचारायचे, "पिवळ्या बाटलीले पाणी देल्लं का?" आणि सचिन वस्तरा थांबवून म्हणायचा, "हाव बाबा, कालच देल्लं. मान हलवू नका."

एकदा तो मला म्हणाला होता, "काकू, दिवसातून कितीदा खोटं बोलतो मी बाबासंगं. गाडीचं अन् काकाचं मले काई वाटत नाई. पण बाटलीचं इचारतात तवा असे डोळ्यात पाह्यतात का बोलतानी जीभ अडते."

मी म्हटलं, "अरे, मनाले काऊन लावून घेतो? म्हातारपणाचं बोलणं हाय."

यंदाच्या खंडेनवमीला सचिन आणि त्याची बायको छाया भल्या सकाळीच शाळेत गेले. पोरं यायच्या आत झाडलोट करायची, बाटल्या पुसायच्या, यंत्रांना झेंडूची फुलं वाहायची. छाया व्हरांड्यात हार ओवत बसली होती. आतून कपाटं सरकवल्याचा आवाज येत होता. आणि मग सचिनची हाक आली. ती हाक छायाने मला इतक्यांदा सांगितली आहे की ती मीच ऐकली असं मला वाटतं.

"छाया, इकडं ये वं! पाय, बाबाची बाटली! खरीच हाय वं!"

ती दारात गेली. खालच्या कोपऱ्यातल्या कपाटात मागे वाळूने भरलेला एक डबा होता आणि त्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेली जाड काचेची बाटली. झाकणाच्या कडेला पिवळा थर धरलेला. सचिन तिच्यासमोर उकिडवा बसून हसत होता.

"इतके दिवस बाबा खरं बोलून राह्यले होते अन् आपण त्यायले येड्यात काढलं. पाय कशी कोरडी ठण्ण झाली. जाय, नळावरून मग्गाभर पाणी आण. आज घरी गेलो का बाबाले खरंखुरं हाव म्हणतो."

"काय असन जी त्याच्यात?" छायाने विचारलं.

"बाबालेच ठाऊक. तू आण पाणी, तवरिक मी झाकण काढून ठेवतो. लय घट्ट बसलं हाय."

छाया नळावर गेली. मग्गा भरत आला होता, तेवढ्यात आवाज झाला.

आमच्या गावाला आवाजांची सवय आहे. पलीकडे लष्कराचं दारूगोळ्याचं भांडार, तिथे जुना माल फोडतात तेव्हा आमची भांडी फळीवरून खाली येतात. त्यामुळे वावरातल्या माणसांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ओसरीवर सर दचकून उठून बसले, "कायचा आवाज?" जयवंताकाकू म्हणाल्या, "डेपोचा जी, पडून राहा तुमी." छाया एकटी ओरडत होती शाळेत, आणि कितीतरी वेळ कुणीही तिकडे गेलं नाही. आठवलं की अजूनही आमच्या सगळ्यांच्याच नावाने बोटं मोडावीशी वाटतात.

सचिन दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

नंतर नागपूरहून बॉम्बशोधक पथक आलं. त्यांच्या साहेबांनी समजावून सांगितलं, ते मला पहिल्यांदाच नीट कळलं. ते पिक्रिक ॲसिड होतं. पाण्याखाली ठेवलं तर निमूट राहतं. वाळलं की सुरुंगाची दारू होते, आणि झाकणाच्या आट्यांत त्याचे दाणे अडकलेले असले तर नुसतं झाकण फिरवणंही पुरतं. जुनी बाटली होती, जुन्या प्रयोगांची. शाळेच्या फायलीत सरांची पत्रं सापडली; ती बाटली नष्ट करायला जाणकार माणसं बोलवा असं ते शाळेला सांगत राहिले, शाळा बघू म्हणत राहिली, आणि सर दरसाल ती ओली ठेवत राहिले. आधी नीट बघायचं, आत पाणी दिसलं तरच ओल्या फडक्याने हळू उघडायचं, आटे पुसायचे, पाणी घालायचं. हे सगळं एकट्याने, कडी लावून, दुसऱ्या कुणाला इजा नको म्हणून. साहेब म्हणाले, इतकी वर्षं ही शाळा उभी राहिली ती त्या माणसामुळे. ऐकून माझा संताप झाला. उभी राहिली म्हणे! ज्या बापाने उभी ठेवली त्याचंच पोर गेलं तिच्यात.

सरांना सांगितलं. पोराच्या अंगावर पडून ते असे रडले की बघवेना. दुपारी विसरले. संध्याकाळी म्हणाले, "सचिन आला नाई आजून?" दुसऱ्यांदा सांगायची कुणाची छाती झाली नाही. मग चौथा प्रश्न तयार झाला आणि त्यालाही तेच उत्तर मिळू लागलं. येतो जी, येऊन राह्यला.

छाया घरात वावरायची, स्वयंपाक करायची, पण ती हाक मला सांगून सांगून झाल्यावर बोलणं तिने टाकलं होतं. परवा मी ताक घेऊन गेले होते. ती सासऱ्याला भात भरवत होती, आणि दोन घासांच्या मधे त्यांनी विचारलं, "पिवळ्या बाटलीले पाणी देल्लं का?"

जयवंताकाकू आतून सवयीने म्हणाल्या, "हाव जी, देल्लं."

छायाने घास ताटात ठेवला. "नाई मामाजी," ती म्हणाली. "कोणीच नाई देल्लं. लय वर्षांपासून नाई देल्लं."

आता हे घाबरतील, आरडाओरडा करतील असं वाटलं. पण सर ताठ बसले. डोळ्यांतलं धुकं गेलं. वर्गात ऐकायचो तो आवाज त्यांच्या गळ्यातून निघाला.

"मंग हात लावू नका तिले. जागची हलवू नका. झाकण त कोणी फिरवूच नका, आट्यात दाणे बसले राह्यतात. आता वरून पाणीबी नका टाकू. पोरं बाहेर काढा, खोलीले कुलूप घाला, अन् नागपूरची माणसं बोलवा."

सगळं होतं त्यांच्याजवळ. इतकी वर्षं ओसरीवर तसंच्या तसं होतं. एकदा, फक्त एकदा कुणी नाही म्हटलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. जयवंताकाकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

सर मात्र कुणाकडे बघत नव्हते. त्यांनी छायाचं मनगट धरलं होतं.

"सचिनले आदी सांगजो," ते म्हणाले. "आजच सांगजो. तो पोरगा लगबग्या हाय, मले खुश कराले झाकण काढाले जाईन."

छायाने त्यांच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"हाव मामाजी," ती म्हणाली. "सांगतो."

सरांनी मनगट सोडलं, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.