ढाण्या आणि मुकी

शेडमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असत आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, अशी तोफवाल्यांची पक्की समजूत होती. खरं तर न पटणारे ते एकटेच होते. गाड्या बिचाऱ्या गप्प उभ्या असायच्या.

तोफवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढलेल्या या गृहस्थांना गल्लीने ते नाव बहाल केलं होतं त्यांच्या ढाण्यामुळे. ढाण्या म्हणजे दोन दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची जुनी मसल कार. भंगारातून उचललेली आणि एकेक नट स्वतःच्या हाताने बसवून उभी केलेली. ढाण्या सुरू झाला की समोरच्या घरातल्या कपबश्या किणकिणू लागत. बायको होती तेव्हा म्हणायची, "माझा ताप बघायला यांना सवड नाही, पण त्याचं पाणी मात्र रोज बघतात."

दुसरी गाडी सुनेची. मुलगा जहाजावर, वर्षातले निम्मे महिने समुद्रात, त्यामुळे घरात सासरा आणि सून दोघंच. सूनबाई जमीन मोजणीचं काम करायची. रोज कुठे कुठे फिरावं लागे, म्हणून तिने ती इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. तोफवाल्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं मुकी.

"आली कधी, गेली कधी, पत्ता नाही. ही गाडी आहे की मांजर?"

एकदा सहलीला गेल्यावर सुनेने मुकीलाच विजेची शेगडी जोडून चहा उकळला. तोफवाले दोन कप प्यायले आणि म्हणाले, "गाडीने पळावं. चहा कशाला करावा?" पण एकदा सिग्नल सुटल्यावर सुनेने जरा जोरात पाय दाबला, तेव्हा त्यांची टोपी थेट मागच्या सीटवर गेली. ती परत घेऊन घर येईपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून धरली. उतरताना म्हणाले, "ढाण्यापण हे करतो. फक्त आधी सांगून करतो." सुनेला हसू आवरेना. सासऱ्याच्या तोंडून इतकं निघालं म्हणजे मुकीचा सत्कारच झाला होता.

खरी अडचण एकच होती. शेडमध्ये मोठं सॉकेट एकच, आणि दोघांनाही तेच लागे. मुकीला पळण्यासाठी आणि ढाण्याला निव्वळ उठण्यासाठी. ढाण्या बहुतेक वेळ उभाच, त्यामुळे त्याची बॅटरी सारखी मान टाकायची.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी सकाळी तोफवाल्यांनी मुकीची पिन काढली आणि ढाण्याचा चार्जर लावला. सून घरातच होती. घटकाभराने परत लावू, असं म्हणून ते आत आले. मग चहा झाला, पेपर झाला, पेपर तोंडावर घेऊन झोपही झाली. जाग आली ती वाऱ्याने. गल्लीतले पत्रे उडत होते, कुठेतरी खांब कोसळल्याचा आवाज झाला आणि घरातला पंखा थांबला.

थोड्या वेळाने फोन आला. बेबीला सांभाळणाऱ्या बाईंचा.

बेबी ही तोफवाल्यांची धाकटी बहीण. केस पांढरे झाले तरी बेबीच. डोंगरावरच्या घरात राहायची. फुप्फुसं पार थकलेली, प्राणवायूच्या यंत्रावर दिवस काढायची आणि ते यंत्र विजेवर चालायचं. बाईंनी सांगितलं, की वीज गेली आहे, जादाचं सिलिंडर लावलंय, ते फार तर संध्याकाळपर्यंत पुरेल.

तोफवाल्यांनी ढाण्याची किल्ली उचलली. "उचलून आणतो तिला. दवाखान्यात नेऊ."

"मी विचारलं, बाबा," सून म्हणाली. तिने तोवर तीन ठिकाणी फोन लावले होते. "दवाखान्याच्या रस्त्यावर झाडं पडलीत. ॲम्ब्युलन्स पलीकडे अडकलीय. वीज उद्याशिवाय येत नाही म्हणतात. तुमच्या गाडीच्या बॅटरीवर यंत्र चालेल?"

तोफवाल्यांनी नाही म्हणून मान हलवली. ढाण्याची बॅटरी स्वतःला उठवतानाच दमायची.

"माझ्या गाडीवर चालेल. रात्रभर चालेल," असं म्हणून ती शेडकडे पळाली.

तोफवाले मागून निघाले आणि वाटेतच त्यांना सकाळची पिन आठवली. शेडमध्ये मुकीची पिन जमिनीवर पडली होती आणि सॉकेटमध्ये ढाण्याचा चार्जर ऐटीत बसला होता. सुनेने ते पाहिलं. मग गाडीत बसून पडद्यावरचा बॅटरीचा आकडा पाहिला.

"सतरा टक्के," ती म्हणाली. "वीसच्या खाली असली की ही बाहेर वीज देत नाही. आणि डोंगर चढेपर्यंत आहे तेही संपेल."

आता बोलावं, असं तोफवाल्यांना वाटलं. मी काढली पिन, मीच विसरलो. पण ते वाकून जमिनीवरची पिन उचलून पुसत राहिले. बेबीला लहानपणी खांद्यावर बसवून ते शाळेत न्यायचे. त्याच बेबीचा श्वास आज आपण सॉकेटमधून उपटून काढला, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत राहिलं.

सून मात्र दुसऱ्याच विचारात होती. "बाबा, ही गाडी कुणी ओढली आणि मी आतून तिला अडवून धरलं, तर हिची चाकं वीज तयार करतात. ब्रेक लावताना करतात ना, तशीच. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की असं करू नका."

"का?"

"तापते म्हणून. आणि ओढणाऱ्याची दमछाक होते. ढाण्या ओढेल?"

असा प्रश्न आजवर ढाण्याबद्दल कुणी विचारला नव्हता. तोफवाल्यांची मान वर झाली. "ओढेल का म्हणजे?"

सकाळी चोरलेल्या विजेवर ढाण्या पहिल्याच फटक्यात उठला. कारखान्यातला जाड तारेचा दोर दोन्ही गाड्यांना लागला, फोन चालू राहिले आणि ही वरात गल्लीतून निघाली. पुढे गडगडाट, मागे शुकशुकाट.

हमरस्ता रिकामा होता. "धरते हं," फोनवर सून म्हणाली आणि ढाण्याचा वेग एकदम बसला. लहान पोराने सदरा धरून मागे ओढावं तसं तोफवाल्यांना वाटलं. त्यांनी गिअर खाली घेतला, पाय दाबला. आठही सिलिंडर एका दमात घुमले, सीटखालून तो जोर पाठीत शिरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं हा जोर त्यांनी नुसता मिरवला होता. कामाला आज पहिल्यांदा लागत होता.

"किती?"

"वीस. एकवीस. बाबा, चढतंय! कमाल आहे तुमच्या ढाण्याची!"

"कमाल तुझ्या मुकीची," ते ओरडले. "मी पेट्रोल पाजतोय आणि ती वीज करून पितेय! असली खादाड बघितली नव्हती मी!"

खरोखर, त्यांना नवल वाटत होतं. ढाण्या जे मिळेल ते जाळून, अर्धं धुरात आणि आवाजात उधळून टाकायचा. मागची ती गरीब दिसणारी गाडी मात्र त्याने दिलेलं शांतपणे गोळा करून ठेवत होती. अशी काटकसर त्यांनी फक्त बायकोत पाहिली होती.

डोंगराच्या पायथ्याशी मुकीत पस्तीस टक्के जमले आणि ढाण्याच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफ दिसू लागली.

"बाबा, थांबा. दोर सोडा, आता मी चढते. इंजिन जाईल तुमचं."

"चढाला तुझी किती वीज खर्च होईल?"

"होईल दहाबारा टक्के."

तोफवाल्यांनी काट्याकडे पाहिलं. एकेक नट डोळ्यांसमोर आला. इंजिनच्या डोक्याचं पॅकिंग त्यांनी बायको गेली त्या वर्षी बसवलं होतं, दुसरं काही करायला सुचत नव्हतं म्हणून.

"तुझं साठवलेलं बेबीसाठी ठेव," ते म्हणाले. "वीज उद्या येते का परवा, कुणी सांगावं? तू फक्त मोकळी सोड गाडी. चढ माझा."

आणि ढाण्या चढला. प्रत्येक वळणावर त्याची डरकाळी दरीत आपटून परत येत होती. शेवटच्या वळणावर आत काहीतरी फट्कन फुटलं, आवाज फाटला, पांढरा धूर मागे लोटला. तरी तो फाटक्या आवाजाने फाटकापर्यंत आला आणि तिथे बंद पडला. तोफवाले उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा बॉनेट न उघडता गाडी तशीच सोडून घराकडे पळाले.

सिलिंडर अंदाजापेक्षा लवकरच संपत आलं होतं. मुकीची वायर खिडकीतून आत गेली. सांभाळणाऱ्या बाईंनी बटण दाबलं. यंत्रावर हिरवा दिवा लागला आणि ते हलकेच घुरघुरू लागलं. मुकी दाराशी उभी होती, आवाज नाही, धूर नाही, काही करतेय असंही वाटत नव्हतं. आणि आत बेबीच्या ओठांची निळसर छटा हळूहळू निवळत होती.

"दादा," जरा दम आल्यावर बेबी म्हणाली, "तुझा ढाण्या... खालच्या वळणावरूनच... ऐकू आला. म्हटलं... आता काही मी मरत नाही."

तोफवाले बाहेर व्हरांड्यात आले. तिथे बसून सून हाताला लागलेलं ग्रीस पुसत होती. ते तिच्यापुढे उभे राहिले.

"सूनबाई, पिन मी काढली होती. परत लावायची विसरलो."

"माहीत आहे, बाबा. फोनवर सकाळीच सूचना आली होती, चार्जिंग थांबलं म्हणून. म्हटलं तुम्ही लावाल थोड्या वेळाने. मग मीही विसरले."

"मग शेडमध्ये बोलली का नाहीस? मला चार शब्द सुनावायचे होतेस."

"सुनावले असते तर तुम्ही डोकं धरून बसला असतात," सून म्हणाली. "मला तुम्ही स्टिअरिंगवर हवे होतात."

तोफवाल्यांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला, ग्रीसचाच. मग आतून एक खुर्ची आणली आणि मुकीची वायर जिथे गाडीला जोडली होती तिथे मांडली. सून आत या म्हणाली, सांभाळणाऱ्या बाई चहा घ्या म्हणाल्या. ते हलले नाहीत. अंधार पडेपर्यंत ते त्या पिनेपाशी बसून होते आणि वायरजवळ आलेल्या मांजरालाही त्यांनी हाकललं.